दिवाणांच्या नातीचा तास

देवकुंड संस्थानात घोडेस्वारीची शाळा होती. लहान मुलं मैना नावाच्या बुटक्या घोडीवर शिकत. प्रत्येक तासाच्या शेवटी ती मुलाला पाठीवर घेऊन आडव्या दांडीवरून उडी मारी.

एकदा दिवाण त्र्यंबकपंतांनी फर्मावलं, "मैना आठवडाभर खाते, तर आठवडाभर दिवस मावळेपर्यंत काम करील."

शाळेचे उस्ताद हैबतराव म्हणाले, "पंत, तिचे पाय आताच सुजतात. अशानं ती कायमची लंगडी होईल."

"मग तिला काम किती द्यायचं, ते काय तिला विचारू?"

"तिला कशाला? आपणच ठरवा. आपली नात पुढच्या आठवड्यापासून शिकायला येते आहे, आठवड्याला एक तास. सोमवार ते रविवार, तिचा तास आपल्या सोयीनं कधीही निवडा. तो संपला की त्या आठवड्याचं मैनेचं काम संपलं."

"मग रविवारी संध्याकाळी ठेवा," असं पंत ऐटीत म्हणाले खरे, पण लगेच थबकले. दमलेली घोडी दांडीला अडखळताना त्यांना दिसू लागली, आणि तिच्या पाठीवर नात.

"त्यापेक्षा बुधवारी सकाळी ठेवा," ते म्हणाले.

"जशी आज्ञा. बुधवारी दुपारपासून मैना कुरणात."

पंत दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"आणि हैबतराव, मंगळवारी तिला फार पळवू नका."