दोराचं दुसरं टोक

एका नदीकाठी एक गाव होतं, आणि त्या गावाला टाळ्या वाजवायची भारी हौस होती.

नदीवर पूल नव्हता, नाव नव्हती. शाळा, बाजार, कामधंदा सगळं पलीकडच्या काठाला. ज्याला पोहता येई तो पलीकडे जाई, ज्याला येत नसे तो जन्मभर अलीकडे राही. पोहायला शिकवायची रीत साधी होती. मुलाच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक बापानं काठावर उभं राहून धरायचं आणि मूल पुढे जाईल तसा दोर सोडत राहायचं. पलीकडच्या काठाला मुलाचा हात लागला, की दोर कायमचा सुटायचा.

ज्या मुलांना बाप नव्हता, त्यांच्यासाठी गावानं एक चांगली सोय केली होती. वर्षातून एकदा देवळापुढे मांडव पडे. अशा मुलांची नावं पुकारली जात आणि गावातली मोठी माणसं आपणहून हात वर करून एकेका मुलाचा दोर पत्करत. हात वर झाला, की लगेच शाल, नारळ आणि टाळ्यांचा कडकडाट. सत्कार आधी, काम मागाहून. यात काही चुकतंय असं कुणाच्याच मनात आलं नाही.

त्या गावात एक विधवा बाई होती. माहेर कोरड्या माळावरचं, त्यामुळे तिला पोहता येत नव्हतं. नवरा तापानं गेला, आणि तेव्हापासून ती अलीकडच्या घरांतून दळणकांडण करून दिवस काढत होती. तिला एकच लेक होती. आपलं झालं ते झालं, पण पोर पलीकडे गेली पाहिजे, एवढाच ध्यास तिनं घेतला होता.

ती लेकीला घेऊन पंचांकडे गेली. पंचांनी कौतुकानं तिचं नाव यादीत घातलं.

बाई भीत भीत म्हणाली, "दोर धरणारा रोज येईल ना, दादा?"

पंच हसले. "अहो बाई, माणसं आपणहून पुढे येतात, एक पै न घेता. त्यांना असं विचारायचं असतं का? वाईट दिसतं ते."

बाई ओशाळली आणि लेकीचा हात धरून घरी परतली. तिनं तेव्हा भांडायला हवं होतं, असं मला फार वाटतं. पण उपकार घेणाऱ्यानं भांडायचं कसं?

मुलीचं नाव पुकारल्यावर कापडाच्या व्यापाऱ्यानं हात वर केला. माणूस वाईट नव्हता. पहिले काही दिवस तो वेळेवर आला, मुलीशी गमतीजमती करत राहिला. मुलगी त्याला काका म्हणू लागली. नदीच्या मध्यापर्यंत जाऊन ती ओरडायची, "काका, बघा!" आणि तो काठावरून म्हणायचा, "शाब्बास गं माझी वाघीण!"

एक दिवस ती अशीच मध्यावर पोचली आणि तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही. वळून पाहिलं, तर काठावर कुणी नव्हतं. दोराचं टोक पाण्यात तरंगत होतं. घाटावर कुणीतरी व्यापाऱ्याला सत्काराबद्दल शाबासकी द्यायला थांबलं होतं, आणि बोलत बोलत दोघं वर निघून गेले होते. मुलगी गटांगळ्या खाऊ लागली. जवळच धुणं धूत असलेल्या म्हाताऱ्या परटिणीनं पाण्यात उडी घेतली आणि तिला ओढून बाहेर काढलं.

व्यापारी दुसऱ्या दिवशी लाजेनं आला नाही, आणि मग कधीच आला नाही. शाल मात्र त्याच्या घरीच राहिली.

पंचांनी दुसरा माणूस दिला, वैद्यबुवा. पुन्हा शाल, पुन्हा नारळ. वैद्यबुवा आज येतो म्हणत, उद्या येतो म्हणत. आई रोज सकाळी मुलीची वेणी घाली, कमरेला दोर बांधी आणि कामाला जाई. मुलगी उन्हं डोक्यावर येईपर्यंत पायरीवर बसून राही. मग एकटीच दोर गुंडाळून घरी येई.

"आले होते का गं?" आई विचारायची.

"येतील उद्या," मुलगी म्हणायची. पुढे पुढे तिनं तेही म्हणायचं सोडलं.

परटीण हे सगळं बघत होती. मोठ्या माणसांचं काम, आपण कशाला मध्ये पडा, असं तिला वाटे. शेवटी तिला राहवलं नाही. तिनं धुणं बाजूला ठेवलं आणि दोर मनगटाला गुंडाळून घेतला. "चल पोरी, उतर पान्यात. मी हाय."

तिला कुणी शाल दिली नाही. तरी ती रोज आली, अंगात कणकण असली तरी आली. पण मुलगी दोन हात मारायची आणि मागे वळून बघायची. पुन्हा दोन हात, पुन्हा मागे. असं कुणाला पोहता येईल?

"मागं बगू नगं गं. सोडनार न्हाई मी."

"मला माहीत आहे, आजी."

"मग बगतीस कशापायी?"

"मान आपोआप वळते," मुलगी म्हणाली, आणि दोघीही रडल्या.

वर्ष सरलं. बरोबरीची मुलं पलीकडे शाळेत गेली. पुन्हा मांडव पडला, आणि या वेळी गावाच्या सोयीबद्दल चार शब्द बोलायला पंचांनी आईलाच उभं केलं. बाई म्हणाली, "शाल आधी देऊ नका हो. पोर पलीकडे पोचल्यावर द्या. माझी पोर अलीकडेच राहिली."

 मांडवातून कुणीतरी म्हणालं, "वा, काय बोलल्या!" आणि सगळ्या गावानं कडकडून टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, तसं पुढचं नाव पुकारलं गेलं. त्याच व्यापाऱ्यानं हात वर केला, आणि त्याच्या खांद्यावर नवी शाल पडली.

आई तशीच उठून घाटावर आली. परटीण दूर, रित्या हातांनी बसली होती. मुलगी गुडघाभर पाण्यात उभी होती. दोराचं एक टोक तिच्या कमरेला होतं. दुसरं टोक तिनं स्वतःच्याच मुठीत घट्ट धरलं होतं, आणि ते ती आता कुणालाही देत नव्हती.

तात्पर्य इतकंच: मुलाला आधार देण्याची सक्ती कुणावर नसते, पण दिलेला आधार अर्ध्यावर सोडला, तर ते मूल पुढे येणाऱ्या खऱ्या आधारालाही मुकतं. रोज येणं जमणार नसेल, तर हात वर करू नये.