झेंडूची माळ आणि तेलाची नळी

गाड्या आपसात बोलायच्या त्या काळातली ही गोष्ट. हैबतीनानांच्या म्हाताऱ्या जीपचं स्टिअरिंग भारी ऐटबाज होतं. खंडेनवमीला झेंडूची माळ पडायची ती त्याच्याच गळ्यात. "अख्खी जीप मी एका बोटावर फिरवतो," असं ते रोज हॉर्नला ऐकवायचं.

त्याला तेलाचा जोर पुरवणारी रबरी नळी बॉनेटखाली ठिबकत होती. ती म्हणायची, "दादा, मला चीर गेलीय."

"नानांनी फडकं बांधलंय ना? मग कुरकुर कसली?"

त्या खंडेनवमीला माळ मिरवत जीप घाट चढू लागली आणि ऐन वळणावर नळी फुटली. स्टिअरिंग तोऱ्यात वळायला गेलं, तर अंग दगडासारखं जड! समोर दरी. नानांनी सीटवरून उठून दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे जीप वळली. त्या झटापटीत माळ तुटून पडली.

मिस्त्रीने नवी नळी बसवली, तेल भरलं. जीप पुन्हा अलगद वळू लागली.

पुढच्या खंडेनवमीला नाना माळ घेऊन आले, तसं स्टिअरिंग हॉर्नला म्हणालं, "बोंबल रे!"

हॉर्न असा बोंबलला की थांबेचना. वैतागून नानांनी बॉनेट उघडलं, हातातली माळ नळीवर ठेवली आणि वायर चाचपू लागले. हॉर्न लगेच गप्प.

"दादा, ही माळ माझी?" नव्या नळीने विचारलं.

"तुझीच गं," स्टिअरिंग म्हणालं. "तुझ्या थोरल्या बहिणीला द्यायची राहून गेली."