दादाचं मीठ

मासे बोलायचे त्या काळी एका होडीत गळाची दोरी गुंडाळणारी दोन रिळं होती, सख्खे भाऊ. घरी आल्यावर थोरला गोड्या पाण्याने अंग धुवायचा, धाकट्यालाही धुवायला लावायचा. एकदा मोठ्या माशाने थोरल्याला काठीसकट समुद्रात ओढून नेलं.

तेव्हापासून धाकटा अंगाला गोडं पाणी लावून घेईना. "अंगावरच्या या मिठात दादा आहे," तो म्हणायचा.

"मिठात मीठच असतं रे, येड्या!" तेलाची बुधली मावशी म्हणाली.

धाकटा गंजत गेला. एक दिवस तोच मासा त्याच्या गळाला लागला. माशाच्या तोंडातून दादाची दोरी लोंबत होती. पण धाकटा जागचा फिरेचना. त्याची दोरी तटकन तुटली, मासा गेला.

"वा रे माझं प्रेम!" धाकटा म्हणाला. "दादाचं मीठ जपलं आणि दादाला सोडलं. मावशी, तो मासा परत येईल. आधी गोडं पाणी, मग तुझं तेल."