कासवांचा उत्तरार्ध

एकदा एका उत्साही शिक्षकाला ज्ञानदानाची उबळ आली.

किनाऱ्यावरच्या एका बाईंनी कासवांवर चित्रफीत केली होती. वाळूतली अंडी, त्यांतून बाहेर पडणारी पिल्ले, लाटांकडे चाललेली त्यांची धडपड. शाळेने ती रीतसर विकत घेतली, शिक्षकाने वर्गात दाखवली. मुले श्वास रोखून पाहत राहिली. इथवर सारे शास्त्राला धरून होते.

मग त्याने ती तालुक्यातल्या तमाम शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर वाटली. बाईंचे नाव कापले आणि तिथे ‘संकलन’ म्हणून स्वतःचे घातले. आपल्याकडे कात्री चालवण्यालाही संकलन म्हणतात. चहूकडून कौतुक झाले आणि यथावकाश उपक्रमशील शिक्षक म्हणून त्याचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि अध्यक्षस्थानी त्याचेच वृद्ध गुरुजी.

गुरुजींनी भाषण केले नाही. प्रोजेक्टर लावायला सांगून ते म्हणाले, “पोरांनो, आता उत्तरार्ध. पिल्लं समुद्रात शिरल्यावर पुढे काय होतं ते बघा.”

पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला. मुले टक लावून बसली. गुरुजींचे वय झाले, असे मनाशी म्हणत शिक्षक वायरी हलवू लागला.

“वायर ठीक आहे,” गुरुजी हळूच म्हणाले. “उत्तरार्ध एवढाच आहे.”

“म्हणजे?”

“पूर्वार्ध विकून बाई पुढचा भाग करणार होत्या. तू पूर्वार्धच फुकट वाटलास, मग विकत कोण घेईल? त्यांनी कॅमेरा विकला. परवा भेटून आलो. कोळंबी सोलायला जातात.”

“गुरुजी, मुलांसाठीच केलं ना. एक पैसा घेतला नाही मी.”

“शाल घेतलीस की. अरे, वर्गात दाखवलंस ते शिकवणं. कायद्यानेच तेवढी मोकळीक दिली आहे. वर्गाबाहेर वाटलंस ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. त्यात हलवायाचं नावही खोडलंस. दुकान कुणाचं, हे विचारायचीही सोय ठेवली नाहीस.”

शिक्षकाने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, “आजच सगळ्यांना खरं नाव कळवतो. बाईंची माफी मागतो. करतील ना माफ?”

“करतील. बाई चांगल्या आहेत. चित्रफीत मात्र आता करायच्या नाहीत.”

समोर मुले अजून त्या पांढऱ्या पडद्याकडे पाहत होती. प्रोजेक्टर बंद करायला शिक्षकाचा हात धजेना.