मोरणीच्या पोटातलं शिंगरू

ही मातीची घोडी कानाशी धरून हलवा. आत काहीतरी खुळखुळतं ना? आमच्या वाघेरमाळच्या कुंभारवाड्यात घडणाऱ्या प्रत्येक घोडीच्या पोटात एक शिंगरू असतं. ते दिसत नाही. बघायचं तर घोडी फोडावी लागते, आणि ती कोणी फोडत नाही.

फार मागे इथे रायाजी नावाचा घोडेवाला होता, असे सांगतात. घरात तो आणि त्याची विधवा बहीण भागू, दोघंच. त्यांच्या मोरणी घोडीने भैरोबाच्या जत्रेतली शर्यत लागोपाठ पाच वर्षं मारली होती. लांबलांबची माणसं केवळ तिला बघायला यायची. तिला चारापाणी मात्र भागूच्याच हातचं लागायचं.

सहाव्या वर्षी मोरणी सात महिन्यांची गाभण होती. पलीकडच्या गावचा एक स्वार चारचौघांत म्हणाला, "मोरणी आता संपली." रायाजीला ते लागलं. त्याने तिथेच घोडी पळवायचा शब्द दिला.

भागू दावणीपाशी आडवी उभी राहिली. "दादा, औंदा नको. ती दोन जिवांची आहे."

"एकदाच, भागू. मग वर्षभर तिला हलवणार नाही."

त्याने बहिणीला बाजूला सारलं आणि खोगीर चढवलं.

मोरणी जिंकली, म्हणे. निशाण ओलांडून दहा पावलं गेली आणि गुडघ्यांवर बसली. भागू माळावरून धावत आली, तिने घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. दिवस मावळायच्या आत शिंगरू पोटातच गेलं, मागोमाग मोरणीही गेली.

रायाजी रडला नाही. तेराव्या दिवशी तो आमच्या वाड्यातल्या येसाक्का कुंभारणीकडे गेला. "मला मोरणी घडवून दे," एवढंच म्हणाला. येसाक्काने एक घडवली, दुसरी घडवली. मान तीच, कपाळावरचा चांदवाही तोच. तो प्रत्येक वेळी मान हलवायचा. शेवटी म्हणाला, "आक्का, हिचं पोट रिकामं आहे गं."

तेव्हा येसाक्काने अंगठ्याएवढं शिंगरू वळलं, ओल्या मातीला चिकटू नये म्हणून चिंधीत गुंडाळलं आणि घोडीच्या पोटात ठेवून पोट लिंपलं. भट्टीत चिंधी जळाली, शिंगरू आत मोकळं झालं. रायाजीने घोडी कानाशी नेली. तो आवाज ऐकला आणि भट्टीपाशी बसून तो ओक्साबोक्शी रडला.

ती घोडी त्याने भागूच्या पुढ्यात ठेवली. तिने ती पदराखाली घेतली. भावाला जेवायला वाढलं, त्याच्या म्हातारपणी त्याचं सगळं केलं, पण त्याच्याशी ती पुन्हा कधी बोलली नाही, असे सांगतात.

पुढे कुणाची घोडी गेली की लोक येसाक्काकडे येऊ लागले. मग बायकाही येऊ लागल्या. ज्यांचं मूल पोटातच गेलं, त्या. त्या काही मागायच्या नाहीत, नुसत्या उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. येसाक्का न विचारता हातात घोडी द्यायची.

आजही आमच्या माळावर शर्यत होते. त्या सकाळी स्वार खोगीर हातात घेऊन आधी घरातल्या बाईसमोर उभा राहतो आणि विचारतो, "सोडू का?" ती "सोड" म्हणाली तरच दावं सुटतं. "नको" म्हणाली, तर तो खोगीर खाली ठेवतो. का नको, हे गावात कोणी विचारत नाही.