नवव्या पानावरची वांगी

भूगोलाचे विभागप्रमुख महाशब्दे सरांनी टेबलावर थाप मारली आणि नव्यानेच लागलेल्या मृण्मयी खांबेटेचा अर्धा चहा बशीत सांडला.

"बाई, तुमच्या मुलांचा तो ब्लॉग उद्यापासून बंद! निबंध वहीतच लिहायचे. वही मी तपासतो. ब्लॉग वाचतं कोण?"

शेजारी बसलेल्या प्राचार्यांनीही मान डोलावली. रात्ररात्र खपून उभा केलेला ब्लॉग डोळ्यांदेखत चालला होता. मृण्मयीने पिशवीतून एक वही काढली.

"सर, ही धनराज चिकटेची वही. 'अभ्यासपूर्ण' हा शेरा तुमचाच ना?"

"माझाच! शब्द न् शब्द वाचलाय मी."

"मग एक विचारू का? रागावणार नाही ना? यातल्या भरल्या वांग्यांत गूळ किती घालायचा?"

"कसली वांगी?"

"नववं पान, सर. दुष्काळाची कारणं संपली, म्हणून पानं भरायला त्याने आईची पाककृती उतरवली. मग तोच निबंध जसाच्या तसा ब्लॉगवर टाकला, तर अर्ध्या तासात सतरा मुलांनी त्याला पकडलं. आता बिचारा सगळा निबंध नव्याने लिहितोय."

प्राचार्यांना हसू आवरेना. "महाशब्दे, ब्लॉग राहू द्या. वाचणारी माणसं तिथेच दिसतायत."

सरांनी चष्मा चढवला आणि नववं पान पहिल्यांदाच वाचलं. चांगलं सावकाश वाचलं.

"चिंच राहिलीय," ते पुटपुटले.