मेल्या रानातली धुरपदा

फार वर्षांपूर्वी, करंजमाळावर एकही विहीर नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकायची तर पाय जमिनीवर टेकवून बसा. वर घेऊ नका. त्या काळी इथली माणसं पाय वर घेऊनच बसायची, आणि का बसायची तेच मी सांगणार आहे.

करंजमाळ म्हणजे हाच आपला माळ. पाऊस तेव्हाही असाच नखरेल होता. बाजरी करपायची, मूग जळायचा, पण तूर तग धरायची. तिचं मूळ खोल जातं, खडकाच्या फटीतून ओल हुडकतं. तूर आली की घरात डाळ, चुलीला तुराट्या, शेळीला पाला. तूर गेली की गाव गेलं, इतकं सरळ होतं सगळं.

मग एका साली मर आली.

तूर फुलावर होती, सगळं रान पिवळंधमक. सकाळी झाडं ताठ उभी, आणि दुपारी बघावं तर शेंड्यांनी माना टाकलेल्या. पानावर कीड नाही, खोडाला भोक नाही. उभं झाड वाळून खराटा झालं. कुणीतरी खोड चिरून पाहिलं, तर आत मुळापासून वर चढलेली काळी रेघ.

मर जमिनीखालून चालते, असं म्हणतात. ती मुळाला शिवते आणि पुढच्या झाडाकडे जाते. लोकांनी असा धसका घेतला की भर दुपारी रानात कुणी थांबेना. आया पोरांना मातीत खेळू देईनात. जी मुळाला शिवते ती तळव्याला का शिवणार नाही? म्हणून ओट्यावर, अंगणात, देवळात, जो तो पाय पोटाशी घेऊन बसायला लागला.

गावात म्हादजी नावाचा देवऋषी होता. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. आणि भ्यालेल्या माणसाला सगळं गाव उपाय विचारायला लागलं की तो काहीतरी सांगतोच. मेल्या रानात एखाददुसरं झाड हिरवंच राहिलेलं असायचं. भोवताली सगळ्या वाळक्या काटक्या आणि मधे हे एकटं शेंगांनी लगडलेलं. ते बघून अंगावर काटा यायचा.

म्हादजी म्हणाला, "समदं मेलं आन् ह्येच कसं राह्यलं? ह्यानंच बाकीच्यास्नी खाल्लंय. मर ह्येच्यातच वस्तीला हाय. उपटा ह्येला."

झालं. दरसाल पौषात गावकरी मेल्या रानात शिरायचे, हिरवं झाड शोधून उपटायचे, शेंगांसकट जाळायचे आणि राख वेशीबाहेर फेकायचे. पेरायला बी घ्यायचे ते लांबच्या, मर न शिवलेल्या रानातलं, टपोरं, हातानं निवडलेलं. तेच टपोरं बी पुढच्या साली फुलावर येऊन मान टाकायचं. मर एकेक बांध ओलांडत गावाकडे येत होती.

गावाच्या टोकाला धुरपदा राहायची. ती लहान असताना तिच्या घरात पटकीची साथ शिरली होती. आई, बाप, भावंडं, सगळी गेली, आणि ही एकटी अंथरुणातून उठून बसली. तेव्हापासून गाव तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघायचं. तिला लग्नाचं आवतण नसे. बाळंतिणीच्या दारावरून तिला जाऊ देत नसत. "समदी गेली आन् हीच कशी राह्यली?" हे तिनं जन्मभर ऐकलं होतं. आता म्हादजी झाडालाही तेच म्हणाला. हिरवी झाडं संपली की गाव आपल्याकडे वळणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

त्या पौषात गाव यायच्या आधी ती मेल्या रानात शिरली. भर दुपारी, अनवाणी. वाळक्या शेंगा-फांद्या अंगाला घासत होत्या. वर ऊन आणि पायाखालची माती मात्र गार. आपल्या पावलाखाली, जमिनीच्या आतून, कुणीतरी पावलाला पाऊल लावून चालतंय, असं तिला वाटत होतं, असं म्हणतात. तरी ती हिरव्या झाडापाशी पोचली, पिकल्या शेंगा ओच्यात भरल्या आणि मागं न बघता घरी आली.

तिचा स्वतःचा एक तुकडा होता. मरीनं पहिला घास त्याचाच घेतला होता आणि गावानं त्याला काट्याचं कुंपण घालून टाकलं होतं. धुरपदानं ते बी तिथंच पेरलं. इतरत्र चांगली पडीक जमीन असताना तिथंच. मरीत जगलंस, मरीतच पुन्हा जगून दाखव, असं ती बियाला म्हणाली. बहुतेक झाडं मेली. ती बांधावर बसून हमसून हमसून रडली, मग उठली आणि जी उरली त्यांच्या शेंगा तोडल्या. पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली तेच. आणि मेलेली झाडं ती जाळायची नाही. त्यांची मुळं कुदळीनं परत त्याच मातीत गाडायची. मर उपाशी राहिली तर कच्चं बीही जगेल आणि आपल्याला फसवेल, असं तिचं म्हणणं.

ते कुणीतरी बघितलं. गावात एकच ओरड झाली, "धुरपदा मर पाळती!"

त्या साली सगळ्या गावाची तूर मरीनं गेली होती. माणसं पलिते घेऊन कुंपणापाशी आली. धुरपदा आत उभी होती, कमरेएवढ्या तुरीत. पण आत पाऊल टाकायला कुणाचा जीव धजेना. शेवटी त्यांनी बाहेरून बोरीच्या काट्या रचल्या, एकीवर एक, आणि वाट बुजवून टाकली. म्हादजी ओरडला, "तिच्यासंगंच ऱ्हा आता!"

आत ती काय खात होती, काय पीत होती, कुणाला ठाऊक नाही. पानांवरचं दव तिच्या ओंजळीत आपसूक गोळा व्हायचं, असं म्हणतात. पहिले काही दिवस तिच्या हाका ऐकू यायच्या. लोक कानात बोटं घालायचे. पुढे हाकाही थांबल्या.

माघात गाव उठलं. खायला दाणा नव्हता, पेरायला बी नव्हतं. गाड्या भरल्या, देव गाठोड्यात बांधले. वाट नेमकी त्या कुंपणावरून जात होती. सगळे खाली बघून चालले होते. वाऱ्याची झुळूकही नव्हती, आणि अचानक कुंपणाआड आवाज झाला. खुळखुळ. खुळखुळ. बैल जागच्या जागी थांबले. आत आता हाडंच असणार, आणि ती वाजताहेत, असंच प्रत्येकाला वाटलं.

बयजा नावाची एक लेकुरवाळी होती. कडेवरचं पोर भुकेनं रडायचंही विसरलं होतं. तिला त्या पोरापुढं भीती उरली नव्हती. ती पुढे झाली आणि तिनं काट्या ओढून बाजूला फेकल्या.

आत तूर पिकून उभी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, डोक्याएवढी, आणि वाळल्या शेंगांतला दाणा खुळखुळत होता. मधोमध धुरपदा. काळी पडलेली, केसांच्या जटा झालेल्या, पाय घोट्यापर्यंत मातीत. तिनं दाण्यांची ओंजळ पुढे केली.

"घिऊ नगंस, बयजे!" म्हादजी किंचाळला. "समदं मेलं आन् ही..."

"म्हण की फुडं," धुरपदा म्हणाली. तिचा आवाज वाळक्या पाल्यागत झाला होता. "समदी मेली आन् हीच कशी राह्यली. जल्मभर तेच म्हणलात. आरं, जी राह्यली तिला कंदी इचारलंत का, बाय, कशी राह्यलीस?"

बयजानं पदर पसरला.

"मर जायाची न्हाय," धुरपदा म्हणाली. "तिला हितंच ठिवा, कुपात, डोळ्यांम्होरं. बी आदी तिच्या तोंडी द्या. उरंल त्येच घरला न्या. ज्या साली तिला इसराल..." पुढचं ती बोलली नाही.

गाड्या माघारी फिरल्या. खळं होईपर्यंत लोक तिला बाहेर ये म्हणत राहिले. तिचे पाय मातीतून निघेनात, असं म्हणतात. शेवटची पेंढी उचलली तेव्हा ती तिथं नव्हती. तिच्या जागी तुरीचं एक झाड होतं, मनगटाएवढ्या खोडाचं, बारा महिने फुलणारं.

ते रान अजून आहे. तुम्ही बघितलंय. कुंपण आपण दरसाल नवं करतो आणि मेलेल्या झाडांची मुळं अजून तिथंच गाडतो. आपल्या वावरात तिफण लावायच्या आधी प्रत्येक घर तिथं एक ओळ पेरतं, अनवाणी जाऊन. तूर फुलावर आली की भर दुपारी सगळं गाव कुंपणाभोवती उभं राहतं आणि कुणाच्या ओळीनं मान टाकली ते बघतं. त्या वेळी कुणी बोलत नाही. गेल्या साली आमची अख्खी ओळ गेली. पुढच्या साली पेरायला घरात बी उरलं नव्हतं. पौषात शेजारच्या घरानं न मागता आमच्या ओट्यावर बी आणून ठेवलं.

आणि गावात कुणाच्या घरी एकटंच माणूस मागं उरलं, तर लग्नाच्या पंगतीत पहिलं पान त्याचं. हेही तेव्हापासूनचं.

पौषात मेल्या ओळीत एखादं झाड हिरवं दिसलं की घरातली थोरली बाई त्याच्यापुढं जाते, हळदकुंकू लावते आणि मोठ्यानं विचारते, "धुरपदे, कशी राह्यलीस?" मग सगळे कान देऊन थांबतात. आजवर दर वेळी शेंगा वाजल्या आहेत. नाही वाजल्या तर काय, हे कुणी विचारत नाही, आणि तुम्हीही विचारू नका.